दुसऱ्याने सांगायचा मार

आपण तुरुंगात होतो हे सरकारला पटवायचं तर तुरुंगाचा कागद लागतो. तो मिळत नसेल, तर त्याच तुरुंगात असलेल्या दुसऱ्या कुणी लिहून द्यावं लागतं, की हा माणूस आमच्याबरोबर होता, आम्ही याला डोळ्यांनी पाहिलं आहे. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनच्या फायलींत हे सहबंद्याचं प्रमाणपत्र सापडतं. अट साधारणपणे सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. महिने मोजता येतात. मार मोजायची सोय कुठल्याच अर्जात नसते.

माझ्या आजोबांचे चुलतभाऊ, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो, गोव्यातल्या डिचोलीचे. पोर्तुगिजांच्या काळात आधी पोलिसांच्या कोठडीत आणि मग आग्वादच्या तुरुंगात होते. मुक्तीनंतर पुष्कळ जणांना त्यांनी अशी प्रमाणपत्रं लिहून दिली. त्यांच्या नकला त्यांनी एका जुन्या ट्रंकेत ठेवल्या होत्या आणि त्या मी वाचल्या आहेत. मजकूर ठरलेला, सरकारी. पण बहुतेक कागदांवर सही करण्याआधी आप्पांनी एखादी ओळ जास्तीची घातली आहे. एकात लिहिलंय, ‘त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे त्या वेळी वाकत नव्हती, जेवताना मी त्यांस भात कालवून देत असे.’ दुसऱ्यात, ‘यांस पाठीवर निजता येत नसे.’ कचेरीतला कारकून म्हणायचा, हे काढा, याची गरज नाही. आप्पा म्हणायचे, मग मी सही करत नाही.

गोव्याचा लढा महाराष्ट्रात आता फारसा कुणाला ठाऊक नाही याचं मला मनापासून दुःख होतं. बांद्याकडून गोव्यात शिरताना पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक आहे. सुट्टीला निघालेल्या गाड्या तिथून धावत जातात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच हद्दीवरून आणि अशाच इतर वाटांनी हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत गेले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं त्या दिवशी मेली. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडला. या सत्याग्रहांमागे पुण्याची गोवा विमोचन सहाय्यक समिती होती. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एस. एम. जोशी, एरवी एका मांडवाखाली न बसणारे पक्ष तिथे एकत्र होते. पहिली मोठी तुकडी १८ मे १९५५ला नानासाहेब गोरे यांनी नेली. तिच्यात ७४ वर्षांचे सेनापती बापट होते. गोऱ्यांना लष्करी न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली, पुढे जुलैत गेलेल्या मधू लिमयांना १२ वर्षांची. लिमयांना पोलिसांनी इतकं मारलं होतं, की ते गेले अशीच बातमी पसरली. ही मंडळी १९५७च्या सुरुवातीला सुटली.

पण ही झाली नावाजलेली माणसं. बहुसंख्य सत्याग्रह्यांना खटल्यापर्यंत नेलंच नाही. धरलं, बडवलं, रात्री गाडीत कोंबून हद्दीवर आणून टाकलं. त्यांच्या नावावर सहा महिने कुठून यायचे? गोव्यासाठी या अटी पुढे काहीशा सैल झाल्या हे खरं. तोवर त्यांतले कितीतरी आपापल्या गावी, आपापल्या पाठदुखीसकट, गप्प बसलेले होते.

आणि गोव्याच्या आतल्या माणसांचं तर वेगळंच. सत्याग्रही बाहेरून यायचा, त्याला परत जायला मुलूख होता. आतला माणूस सुटला तरी त्याच गावात, त्याच रेजिदोराच्या, म्हणजे गावच्या सरकारी मुखत्याराच्या, आणि त्याच शिपायांच्या नजरेखाली राहायचा. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. अशा मुलखात १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस सभेला उभे राहिले, त्यानंतर माणसं उघडपणे धरली जायला लागली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी जुलैत अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना ८ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, लोयोला हेही तिकडेच गेले. जवळजवळ ९ वर्षांनंतर, १८ फेब्रुवारी १९५५ला, बार्देशातल्या अस्नोड्याचा बाळा मापारी पोलिसांच्या ताब्यात मेला. १९४६ नंतर गणित बदलत गेलं होतं: आधी शिक्षा, मग मार, मग कोठडीतला मृत्यू. पण पहिल्यापासून मार होताच, असं आप्पांच्या पिढीचे लोक सांगत.

माझ्या लहानपणी १८ जून किंवा १९ डिसेंबर जवळ आला की आप्पांच्या घरी जुने राजबंदी जमायचे. कुणी पेडण्याचा, कुणी म्हापशाचा, कधी पुण्याचा एखादा सत्याग्रही. पडवीवर खुर्च्या, चहा, चकल्या, आणि गप्पा. मुलांना तिथे बसायची बंदी नव्हती. मी खांबाला टेकून ऐकत असे. तेव्हा कळलं नव्हतं, आता स्पष्ट दिसतं, ते हे: त्यांच्यातला एकही जण स्वतःला पडलेल्या माराचं वर्णन करत नसे. सगळे एकमेकांचं सांगत. ‘मला काय, चार दणके दिले असतील. पण याला विचार. याला पालमातोरने, त्या लाकडी थापीने, हातावर मारलं, हात असे पावासारखे फुगले.’ मग तो, ज्याचे हात फुगले होते, मान हलवायचा आणि म्हणायचा, ‘ते सोड. याला त्यांनी रात्रभर उभा ठेवला होता. मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, हा पडला की आवाज यायचा.’

असं गोल फिरत राहायचं. प्रत्येकाच्या माराचा राखणदार दुसरा. कुणाला दोन रात्री उभं केलं की तीन, यावर वाद व्हायचा आणि वाद घालणारा तो उभा राहिलेला माणूस नसायचा. तो चहा पीत असायचा. बाकीचे दोघे भांडायचे आणि शेवटी काय ते ठरायचं. पुढच्या वर्षी तेच ठरलेलं सांगितलं जायचं. सामुदायिक स्मृती असा मोठा शब्द मी पुढे वाचला. माझ्यासाठी ती त्या पडवीवरची भांडणं आहेत.

असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विनय हे एक कारण असेल. आपलं दुःख आपण मिरवू नये, ही त्या पिढीची शिस्त होती. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण असं, की मार खाणाऱ्याला मार आठवत नाही, निदान सांगता येईल असा आठवत नाही. त्याला आठवतो तो छताचा ओलसर डाग, कुठल्या तरी शिपायाच्या बुटाची सुटलेली नाडी. मारणारा किती वेळ मारत होता, मध्ये किती वेळ थांबला, हे पलीकडच्या कोठडीतला माणूस मोजत असतो, कारण पुढची पाळी त्याची असते. आणि तिसरं एक कारण, जे ते कधी बोलले नाहीत: आपण आत काय काय बोलून गेलो, हे नक्की माहीत नसलेला माणूस स्वतःची गोष्ट सांगायला बिचकतो.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असायची. आग्वादबद्दल ते जवळजवळ मायेने बोलत. आग्वाद म्हणजे शिक्षा झाल्यानंतरची जागा. तिथे बरोबर माणसं होती, समुद्र ऐकू यायचा, एकमेकांकडून भाषा शिकता यायच्या, गाणी म्हणता यायची, भांडता यायचं. चेहरे बदलायचे ते पणजीच्या क्वार्तेलचं, म्हणजे पोलीस ठाण्याचं, किंवा म्हापशाच्या लॉकअपचं नाव निघालं की. तिथे तपास चालायचा. तिथे माणूस एकटा असायचा. अजेंट मोंतेरो हे नाव आमच्या पडवीवर एकदाच उच्चारलेलं मी ऐकलं आणि त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

कासिमीरो मोंतेरो कोण होता हे मला पुढे वाचून समजलं. गोव्यात सत्याग्रह्यांना आणि राजबंद्यांना मारण्यात कुख्यात झालेला हा माणूस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत, ‘पीदे’त गेला. फेब्रुवारी १९६५मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उम्बेर्तो देल्गादो यांना स्पेनच्या हद्दीत फसवून बोलावून ठार मारण्यात आलं, त्या टोळीत तो होता. १९८१मध्ये पोर्तुगालच्या लष्करी न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. तो दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि तिथेच मेला, शिक्षा भोगलीच नाही. हे वाचलं तेव्हा माझा संताप अनावर झाला. शिक्षा झाली ती देल्गादोंच्या खुनाची, आणि तीही कागदावर. गोव्यातल्या लॉकअपांचा हिशेब त्या निकालात नव्हता. ज्या हातांनी आधी आमच्या लोकांना फोडलं, त्याच हातांची ओळख जगाला पटायला एक पोर्तुगीज जनरल मरावा लागला.

पण त्याच वाचनात दुसरंही काही सापडलं. पेनिशचा तो किल्ला, जिथे कुन्हा आणि काकोडकर होते, तिथेच पोर्तुगालचे स्वतःचे राजबंदीही सडत होते. कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल १९६०च्या जानेवारीत तिथून पळाले. एप्रिल १९७४ची क्रांती झाली आणि दोन दिवसांत त्या तुरुंगांची दारं उघडली. २०१६मध्ये तिथल्या सरकारने पेनिशचा किल्ला पर्यटन उद्योगाला द्यायच्या यादीत घातला, तेव्हा म्हातारे झालेले राजबंदी उठले. आम्हाला जिथे कोंडलं तिथे हॉटेल होऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. किल्ला यादीतून काढावा लागला आणि २७ एप्रिल २०२४ला, राजबंदी सुटल्याला ५० वर्षं झाली त्या दिवशी, तिथे संग्रहालय उघडलं. आपल्याकडचे आणि त्यांच्याकडचे, एकाच राजवटीने मारलेले, एकाच किल्ल्यात कोंडलेले. तरी दोघांच्या आठवणी एकमेकींना भेटल्याच नाहीत. आपल्या कथेत पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, हे सगळे एकजात मारणारे. आप्पांना मी पेनिशच्या त्या म्हाताऱ्यांबद्दल सांगू शकले असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, त्यांच्या बोटांचं काय झालं.

मोहन रानड्यांचं उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचं वाटतं. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शाळामास्तर म्हणून आला, आझाद गोमंतक दलात गेला आणि १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. २६ वर्षांची शिक्षा. १९६०मध्ये त्यांना पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पणजीत तिरंगा चढला, आम्ही अजून तो दिवस साजरा करतो. रानडे त्या वेळी लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते आणि पुढची सात वर्षं तिथेच राहिले. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी केली, दारोदार फिरले, अण्णादुरैंनी पोपपर्यंत शब्द पोचवला, आणि जानेवारी १९६९मध्ये ते सुटले. कवी तेलो मास्कारेन्यश तर १९७० साली सुटले. मुक्ती एका तारखेला झाली असं आपण म्हणतो. तुरुंगातल्या माणसांसाठी ती तारीख प्रत्येकाची वेगळी होती.

मुक्तीनंतर काय झालं, याबद्दल पडवीवर कमी बोललं जायचं. पोर्तुगीज सरकारचे नोकर भारत सरकारने आपल्या सेवेत सामावून घेतले, त्यासाठी १९६५मध्ये कायदा झाला. राज्य चालवायला माणसं लागतात, यात गैर काही नाही. पण मारणारे शिपाई बहुतेक आपलेच होते, आपल्याच गावांतले, आपल्यासारखंच बोलणारे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आप्पांना एकदा असा एक जण भेटला. मुक्तीला पाच-सहा वर्षं झालेली. तो मिरच्या निवडत होता. कोठडीत आप्पांचे हात त्यानेच धरून ठेवले होते. आप्पांनी हे काकीला सांगितलं आणि काकीने मला. ‘मग आप्पांनी काय केलं?’ मी विचारलं. काकी म्हणाली, ‘त्यांनीपण मिरच्या घेतल्या. त्याच्याच शेजारी उभं राहून. तो निघून जाईपर्यंत घेत राहिले. घरात एवढ्या मिरच्या आल्या, की मी ओरडले.’

या सगळ्याला कुठे चौकशी, कुठे कबुली? कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या गप्प राहण्याची किंमत राजबंद्यांनीच मोजली, असं मी म्हणेन.

आता प्रमाणपत्रांकडे येते, कारण आप्पांबद्दलचा माझा आदर त्या ट्रंकेमुळे कितीतरी वाढला. सत्तरच्या दशकात आणि नंतर पेन्शनं सुरू झाली, मुलांना नोकऱ्यांत प्राधान्य आलं, तेव्हा सह्या मागायला रांग लागली. ज्याला आपण पाहिलं नाही त्याला सही नाही, हा आप्पांचा नेम. माझ्या आजीचा सख्खा भाऊ चळवळीत होता, पत्रकं पोचवायचा, सगळ्या गावाला माहीत. तो कोठडीतही होता म्हणतात. पण आप्पांनी त्याला आत पाहिलं नव्हतं. नाही म्हणाले. त्या घराशी आमचं येणं-जाणं पुढे कित्येक वर्षं तुटलेलं होतं. आजीने आप्पांशी बोलणं टाकलं. मला आजही वाटतं, की आप्पांनी तिथे थोडं वाकायला हवं होतं. कागद नसलेल्या माणसाला त्याच्या माणसांनीच नाकारलं, तर त्याने जायचं कुठे?

पण त्याच ट्रंकेत आणखी एक नक्कल आहे. तिच्यातल्या माणसाचं नाव लिहीत नाही. तो आप्पांच्याच गटातला. पकडला गेला, म्हापशाला त्याचा तपास झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याने नावं सांगितली. त्यात एक आप्पांचं होतं. आप्पा पकडले गेले ते त्यामुळे. पडवीवर हा माणूस कधीच नसायचा. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलतही नसे, नाव काढलंच जात नसे. पुष्कळ वर्षांनी पेन्शनच्या अर्जासाठी त्याचा मुलगा सह्या मागत फिरला. कुणी दिली नाही. आप्पांनी दिली. त्या प्रमाणपत्रावर त्यांनी घातलेली ओळ सगळ्यांत लांब आहे: ‘यांस झालेली मारहाण मी शेजारच्या खोलीतून दोन दिवस व दोन रात्री ऐकली आहे. मला आणले तेव्हा यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. ते जे बोलले ते त्या अवस्थेत बोलले.’

मला इथे प्रश्न पडला होता. आप्पांना त्या माणसाने नाव सांगितल्यावर आणलं, मग त्याआधीचे दोन दिवस त्यांनी ऐकले कसे? मी त्यांना म्हातारपणी हे विचारलं. ते म्हणाले, ‘नाव सांगितल्यावर पण त्याला मारत होते. अजून नावं असतील म्हणून.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्याच्याकडे अजून नावं होती. ती त्याने दिली नाहीत. हे मला ठाऊक, कारण त्यांतला एकही जण तेव्हा पकडला गेला नाही. पेन्शन घेतली सगळ्यांनी.’

म्हणजे पडवीवर बसून चहा पिणाऱ्यांत असे लोक होते, जे त्या फुटलेल्या माणसाच्या गप्प राहण्यामुळे कधी कोठडीत गेलेच नव्हते, किंवा उशिरा गेले. त्यांना ते माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. त्या पडवीवरची गोष्ट इतकी वर्षं घासून-पुसून चालत आली आणि तिच्यात या माणसाला जागा नव्हती. स्मृती सामुदायिक असली की ती टिकते, हे खरं. पण तिच्यातून कुणाला बाहेर ठेवायचं हेही सगळे मिळूनच ठरवतात, आणि तेही तितकंच टिकतं.

आग्वादचा तुरुंग २०१५पर्यंत तुरुंगच होता. मग तिथलं कामकाज कोलवाळला गेलं आणि १९ डिसेंबर २०२१ला, मुक्तीला ६० वर्षं होताना, तिथे संग्रहालय झालं. त्याआधी २०१२मध्ये रेइश मागुशचा किल्ला दुरुस्त होऊन खुला झाला. राजबंदी तिथेही असत. लोक मुख्यतः मारियो मिरांडांची चित्रं पाहायला जातात. दोन्ही जागा छान राखल्या आहेत आणि त्या राखल्या याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार एवढीच, की किल्ला देखणा असतो म्हणून आठवणही किल्ल्यात जाऊन बसली. ज्या खोल्यांत बोटं मोडली त्या खोल्या साध्या सरकारी इमारतींत होत्या. तिथे एक पाटी लावायला कितीसा खर्च येतो?

आप्पांचे पडवीवरचे सोबती एकेक करून गेले. शेवटी पेडण्याचे ते एकच उरले, ज्यांचे हात फुगले होते. ते गेल्यावर आप्पांनी तुरुंगाबद्दल बोलणं जवळजवळ सोडलं. १८ जूनला शाळांतून बोलावणी यायची, तिथे ते लोहियांबद्दल आणि कुन्हांबद्दल सांगून परत यायचे. मी एकदा मोबाईल समोर ठेवून त्यांना म्हटलं, आप्पा, तुमचं सांगा. त्यांनी पेडण्याच्या काकांचे हात सांगितले. मी म्हटलं, तुम्हाला काय केलं? ते म्हणाले, ‘ते त्याला विचारायला पाहिजे होतं.’

म्हणून आता गोव्यात, पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात जे थोडे जण उरले आहेत, नव्वदीच्या आसपासचे, त्यांना भेटायला कुणी जाणार असेल तर माझी एक विनंती आहे. कॅमेरा लावून ‘तुमचा अनुभव सांगा’ असं म्हणू नका. दोघं हयात असतील तर दोघांना एकत्र बसवा. एकटा असेल तर विचारा, शेजारच्या खोलीत कोण होतं, त्याला काय झालं, तो काय बोलला, काय बोलला नाही. ज्याचं नाव कुणी काढत नाही, त्याचंही विचारा.